मागची थप्पी

गवंडी सोमवारी येणार होता, म्हणून मी शनिवारी सकाळीच गाव गाठलं. आमच्या घरात एखादं काम क्रमाने आणि गोंधळ न होता व्हायला हवं असलं की मला फोन येतो. लग्नातली भाड्याची भांडी परत करायची असोत, दवाखान्याचे कागद लावायचे असोत, नाहीतर वडिलांच्या दिवसाला किती माणसांचा स्वयंपाक धरायचा हे ठरवायचं असो. मी येते, पदर खोचते, आधी काय आणि मग काय ते सांगते आणि संध्याकाळपर्यंत उरकून टाकते. या वेळी घरामागच्या परड्यातली जळणाची खोप रिकामी करायची होती. मुरगूडला एसटीतून उतरले तेव्हाच ऊन तापलं होतं. मनात आलं, हे एवढं झालं की आता कुठलीच आवराआवर आपण करायची नाही. हल्ली प्रत्येक कामाआधी मला असंच वाटतं.

खोप पाडायची कारण तिच्या जागी आईसाठी न्हाणी बांधून कमोड बसवायचा होता. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला आई परड्यातच पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. सहा-सात महिने ती कळंब्याला माझ्या फ्लॅटमध्ये होती आणि रोज सकाळी एकच प्रश्न विचारायची, ‘गावाकडं कवा सोडतीस?’ संक्रांतीनंतर सोडलं. पण परड्यातल्या जुन्या न्हाणीच्या पायऱ्या तिला उतरवत नव्हत्या. सुवर्णा, माझी भावजय, तिला स्वयंपाकघरातल्या मोरीशी बसवून अर्ध्या बादलीत अंग पुसून द्यायची. घराच्या भिंतीला लागून मोकळी करता येईल अशी एकच जागा होती, खोपेची. पावसाआधी तिथे न्हाणी झाली तर आई गावात राहणार होती. नाही झाली तर परत माझ्याकडे. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

खोपेची फळी बाजूला केली आणि तो वास आला. मी तिथेच उभी राहिले. बाभळीचा तुरटगोड वास, आंब्याच्या लाकडाचा जरा आंबूस, खाली शेणींचा कोरडा, गवतासारखा. त्यात उंदरांचा, पोत्यांचा, जुन्या उन्हाचा. शाळेच्या दप्तराला हाच वास असायचा. कोल्हापूरला कॉलेजात गेले तेव्हा होस्टेलवरच्या पोरी म्हणायच्या, तुझ्या ट्रंकेत धूर कोंडलाय. मला त्या ट्रंकेत काहीच वेगळं जाणवायचं नाही. आता जाणवलं. म्हणजे मी या वासातून कधीतरी बाहेर पडले, आणि तो दिवस काही मला आठवत नाही.

आई प्लास्टिकच्या खुर्चीवर, शेवग्याच्या विरळ सावलीत बसली होती. पुढ्यात वॉकर.

“सगळं काढ,” ती म्हणाली. “तुरकाट्या सुवर्णीला दे, शेणी गोठ्यात टाक. आणि मागच्या थप्पीला हात लावायच्या आधी मला सांग.”

“तीच तर आधी हलवायला पाहिजे. भिंत तिथंच येणार आहे.”

“हलवायची न्हाई म्हणाले का मी? मला सांग म्हणाले.”

मागची थप्पी आईची होती. आईची म्हणजे तिच्या स्वतःच्या शेवटच्या वाटेची. आपण पावसाळ्यात गेलो तर पोरांना ओलं लाकूड घेऊन नदीवर रॉकेलची कॅन ओतत बसायला लागू नये, म्हणून तिने ते जळण वेगळं ठेवलं होतं. आमच्या गल्लीतल्या तिच्या वयाच्या आणखीही बायका ठेवायच्या. त्याबद्दल कोणी गंभीर होत नसे. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवावी तसं ते मागच्या बाजूला असायचं, आणि मुलांना एवढंच सांगितलेलं असायचं की चुलीसाठी त्यातलं घ्यायचं नाही.

शिमगा झाला की जळणाचे दिवस सुरू व्हायचे. बांधावरच्या बाभळी सवळून त्यांच्या फांद्या बैलगाडीतून यायच्या. वादळात पडलेला एखादा आंबा यायचा. वडील परड्यात धोतर वर खोचून घण घालायचे. पाचर लाकडात शिरताना आधी काहीच होत नसे. मग आतून एक बारीक करकर यायची आणि ओंडका एकदम उघडायचा. आतला रंग ताजा, भिजल्यासारखा. तो रंग दुपारपर्यंतच टिकायचा. आम्ही पोरं ढलप्या वेचायचो आणि आधी वासच घ्यायचो.

मग फोडलेली फाटी परडंभर पसरायची. आई पापड उलटायला लावावेत तशी आम्हाला ती उलटायला लावायची. सकाळी एक कूस, दुपारी दुसरी. वैशाखाच्या उन्हात लाकडं आपोआप तडकायची, कोणीतरी बोटं मोडल्यासारखी. भर दुपारी सगळं घर झोपलेलं असताना परड्यातून तेवढा एक आवाज येत राहायचा. मला तो आवडायचा. जेवून चटईवर पडलेलं असावं, डोळे मिटलेले असावेत आणि बाहेर आपलं जळण आपापलं वाळत असावं, यात एक निवांतपणा होता. आपण काही न करता काहीतरी होत होतं. हल्ली माझ्या आयुष्यात असं काही उरलेलं नाही. मी केलं नाही तर काहीच होत नाही.

लाकूड वाळलं की नाही ते आई बघून सांगत नसे, ऐकून सांगायची. दोन फाटी हातात घ्यायची आणि एकमेकांवर वाजवायची. ओलं असलं तर भद्द. वाळलेलं असलं तर टण्ण, देवळातल्या छोट्या घंटेसारखं. स्वयंपाकघरातून भाकरी थापताना ती ओरडायची, “वाजीव!” आम्ही वाजवायचो. “आणि चार दिस!” असं उत्तर यायचं. परीक्षेचा निकाल लागल्यासारखं आम्ही ते ऐकायचो.

मिरगाच्या आत सगळं खोपेत गेलं पाहिजे, हा नियम. थप्पी लावायची ती साल वर करून. एक थर उभा, एक आडवा. भिंतीला चिकटवायची नाही, मधे हात जाईल एवढी जागा सोडायची. वर पत्रा, पण बाजू मोकळ्या. “वाऱ्याला वाट ठेवा,” आई सारखी म्हणायची. मी आजही कपाटात फायली लावताना मागे थोडी जागा सोडते. ऑफिसातला शिपाई विचारतो, मॅडम, एवढी जागा वाया का घालवता?

आणि मग ते लांबलेले पाऊस. तरणा पाऊस, त्यानंतर म्हातारा पाऊस. दिवसच्या दिवस ऊन नाही. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन खोपेकडे पळायचं. “इच्चू बघ गं!” असं मागून ओरडणं. काखेत लाकडं धरली की ती आपल्या अंगापेक्षा उबदार वाटायची, कारण त्यांच्यात वैशाख होता. बाहेर नुसता चिखल, वेदगंगा पात्राबाहेर आलेली, आणि चुलीत मात्र धूर न होता लखलखीत जाळ. वैलावर दूध, चुलीपुढे निखाऱ्यावर फुगणारी भाकरी. परड्यातल्या न्हाणीत तांब्याचा बंब फुसफुसायचा. त्या पाण्याला धुराची किंचित चव असायची, गुळणी करताना कळायची. ती चव मी नंतर कुठल्याच गिझरच्या पाण्यात शोधू शकले नाही, आणि असलं काही शोधत असते हे कोणाला सांगूही शकले नाही.

याच दिवसांत कधीतरी सकाळी दोन-तीन माणसं डोक्यावर इरली घेऊन दारात यायची. बोलायची नाहीत. आई हात पुसत बाहेर यायची.

“कोण?”

“हौसाकाकूचा सासरा.”

“मागची न्या,” आई म्हणायची.

तेवढंच. मागची थप्पी निघून जायची. शेणींबरोबर गाडीत रचून, वर ताडपत्री टाकून, नदीकडे. तेव्हा आमच्या गावात नदीवर शेड नव्हती. भर पावसात कोरडं जळण सापडणं हीच मयताच्या घराची मोठी काळजी असायची. आईचं जळण असं कितीजणांना लागलं. मागे जमिनीवर एक फिकट चौकोन उरायचा. मी लहान होते, मला त्या चौकोनाची भीती वाटायची. मी विचारायचे, “आता तुला?”

“मला एवढ्यात काय हुतंय? फुडच्या वैशाखात बघू.”

पुढच्या वैशाखात ती परत थप्पी लावायची. आणि थप्पी लागली की मला आतून बरं वाटायचं, म्हणजे आई आता जायला मोकळी आहे म्हणून नव्हे, उलट. आईला पुन्हा एक वर्ष मिळालं असं काहीतरी मी तेव्हा मनाशी जुळवलं होतं.

वडील गेले ते म्हाताऱ्या पावसात. त्या दिवसातलं मला फारसं आठवत नाही. दारातल्या ओल्या चपला आठवतात. कोणीतरी विचारलं, “जळणाचं कसं?” आणि आई आतून, न रडता म्हणाली, “हाय की. मागची न्या.” दत्ताने, माझ्या भावाने, आणि मी ती थप्पी उतरवली. एकेक फाट गाडीत टाकताना टण्ण वाजत होतं.

त्यानंतरही तिने नवी थप्पी लावली. पण मग घरात गॅस आला, आणि एकाच वर्षात चूल फक्त पुरणपोळीपुरती उरली. बंबाची जागा गिझरने घेतली, तो वीज असली की चालतो. बैल गेले, ट्रॅक्टर आला. गावाच्या घाटावर पत्र्याची शेड झाली, शेणी तिथेच भरून असतात. इरली घेऊन दारात यायचं कोणाला कारण उरलं नाही. मागची थप्पी कोणी न्यायला आलं नाही. वर्षानुवर्षं ती तशीच राहिली. आई तेवढी दर उन्हाळ्यात जाऊन ती सगळी उतरवायची, उन्हाला द्यायची, परत लावायची. त्यातच ती पडली.

दुपारी डेअरीला दूध घालून दत्ता आला. माझ्याहून लहान, पण आता कानावर पांढरं झालेला. आम्ही दोघांनी पुढचं सगळं काढलं. तुरकाट्या, मक्याची बुरकुंडं, नारळाची सोडणं, तुटका पाट, एका पाचरेचं लोखंडी टोक. मी वर्गवारी करत होते, तो वाहत होता. नंतर मागे आलो. मागची थप्पी निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली होती. चारी बाजूंनी, खालूनसुद्धा आत दुमडून, वरून नायलॉनची दोरी. पार्सल बांधावं तशी.

“मीच बांधली, आक्का,” दत्ता म्हणाला. त्याच्या आवाजात जरा अभिमान होता. “आई कळंब्याला होती तवा. म्हटलं, हिचं जळण हाय, एक थेंब लागता कामा न्हाई. नवी कोरी ताडपत्री आणलती.”

मी दोरी सोडली. ताडपत्री उचलली तशी आतून गरम, दमट वाफ आली, बंद बाथरूमसारखी. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब होते. वरच्या फाट्यांवर पांढरी बुरशी, कडेला कानासारखी आळंबी उगवलेली. खालच्या थरात वाळवीने मातीचे बोळ बांधले होते. दत्ताने एक फाट उचललं, ते मधेच वाकलं आणि त्याच्या पायाशी पडलं.

भद्द.

शेवग्याखालून आवाज आला, “परत वाजीव.”

दत्ता पायाशी पडलेल्या फाट्याकडे बघत राहिला.

“दत्त्या, परत वाजीव म्हणते न्हवं मी!”

त्याने आणखी दोन घेऊन वाजवली. भद्द. मग चिडून तिसरं, चौथं. मधेच एखादं टण्ण वाजायचं, तेवढ्यानं तो आशेने माझ्याकडे बघायचा, आणि पुढचं परत तसंच. शेवटी तो खाली बसला. एवढा मोठा बाप्या, हातातली बुरशी लुंगीला पुसत बसला.

“आई, मी बांधलं गं. भिजू नये म्हणून. मला काय ठावं, आतनं असं हुईल.”

आई वॉकर सरकवत खोपेच्या तोंडाशी आली. सुवर्णा मागून धावली, “आत्या, सांभाळून!” आईने एक कुजकं फाट वॉकरच्या पायाने उलटं केलं. आतली वाळवी पळाली.

“गुंडाळलंस व्हय,” ती म्हणाली. “वारा न्हाई, काय न्हाई. कुजणार न्हाई तर काय करंल त्ये?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “कळंब्याला तुझ्या फ्लॅटात मला असंच झालतं.”

सुवर्णाने पदर तोंडाला लावला. मला आधी राग आला. तिच्यासाठी मी खिडक्यांना नवे पडदे घेतले होते, डास येऊ नयेत म्हणून जाळ्या बसवल्या होत्या, वेळेवर गोळ्या, वेळेवर जेवण. राग फार वेळ टिकला नाही. राग धरायला अंगात जोर लागतो.

“नवं आणतो,” दत्ता म्हणाला. “उद्याच्या उद्या ट्रॉली सांगतो. लागंल तेवढं. आणि न्हाईतरी घाटावर शेणी असतात की आता. कशाला काळजी करालीस?”

“मी कुठं काळजी कराले? तूच रडालायस.” आई म्हणाली. “चांगलं किती निघतंय बघ.”

आम्ही वेचलं. वाजवून वाजवून. मधल्या थरातलं काही वाचलं होतं. टोपलंभर, फार तर थोडं जास्त. आईने ते नजरेने जोखलं.

“एवढ्यात मी अर्धी बी जळायची न्हाई,” ती म्हणाली. “अर्धी सोडून घरला याल.”

“आई!”

“मग? फोडा ते बारीक. बंब पेटीव. आज मी न्हाणार.”

“बंब? तो कधीचा बंद आहे,” मी म्हणाले. “आणि पायऱ्या?”

“तू हायस की. एवढं सगळ्यांचं करतीस. बघ कसं बसवायचं त्ये.”

तर मी बघितलं. बंब धुतला, चिंच लावून आतला हिरवा गंज काढला. दत्ताने त्या फाट्यांच्या ढलप्या केल्या. जुन्या न्हाणीच्या पायऱ्यांवर फळी टाकली, आणि आईला खुर्चीसकट आम्ही तिघांनी उचलून आत ठेवलं. “हळू, हळू! न्हवरी न्हाई मी,” ती ओरडत होती आणि हसत होती. ढलप्या बंबाच्या नळीत टाकल्या. एक काडी पुरली. धूर झालाच नाही. आत वाऱ्याचा घोंघावता आवाज सुरू झाला, तोच, पावसाळी सकाळचा, आणि बंबाच्या पोटात पाणी हळूहळू गुणगुणायला लागलं.

मी तिला न्हाऊ घातलं. पाठीची हाडं हाताला लागत होती. खुब्यावरची शिवण गुळगुळीत झाली होती. लहानपणी ती मला न्हाऊ घालायची, शिकेकाई डोळ्यात गेली तरी दया नाही. आता मी तिच्या डोळ्यांवर हात धरून पाणी ओतत होते. घराच्या सावलीत, ओल्या दगडांवर, वाफेत, ती डोळे मिटून बसली होती.

“कडत हाय का?”

“वत.”

“भाजेल आई.”

“वत गं. माझंच जळण हाय. मेल्यावर ऊन लागलं काय अन् गार लागलं काय, कुणाला कळतंय? आत्ता लागू दे.”

बंबातलं सगळं पाणी संपेपर्यंत मी ओतलं. शेवटच्या तांब्याला तिने गुळणी केली आणि चूळ टाकून म्हणाली, “धूर लागतोय बघ.” तांब्यात उरलेलं घोटभर पाणी मी तोंडात घेतलं. लागत होता. अगदी किंचित.

त्या रात्री ती लवकर झोपली. मी आणि सुवर्णाने कुजकं सगळं उकिरड्यावर टाकलं आणि परडं झाडून काढलं.

सोमवारी गवंडी आला. त्याच्या माणसांनी खोपेवरचे पत्रे उतरवले, मग वासे. किंजळीच्या लाकडाचे. वडिलांनी शाहूवाडीकडून आणलेले, मी शाळेत जायच्याही आधी. पत्र्याखाली, उघड्या बाजूंच्या वाऱ्यात, धुराच्या वासात इतकी वर्षं काढून ते काळेभोर झाले होते. दत्ता एकाच्या टोकाला हात लावून म्हणाला, “आक्का, लोखंड झालंय नुसतं. गोठ्याला घालतो.”

आई मागच्या दारात वॉकर धरून उभी होती. परवा न्हाल्यापासून केस मोकळेच.

“वाजीव बघू.”

दत्ताने दोन वासे उचलून एकमेकांवर हाणले. सगळ्या परड्यात आवाज घुमला. गवंडीसुद्धा थांबून बघायला लागला.

“गोठ्याला पाईप घाल,” आई म्हणाली. “हे माझं.”

“आई, अगं वासे हायत ते...”

“फोडून लाव. आणि ताडपत्री घातलीस तर बघ.”

दत्ताने कपाळाला हात लावला, पण हसला. दुपारपर्यंत त्याने वासे फोडले. मला एसटी पकडायची होती, उद्या ऑफिस होतं, कंबर धरली होती. तरी थप्पी मीच लावली, कारण त्याच्यावर आता तिचा विश्वास नव्हता. परड्याच्या उगवतीच्या भिंतीपाशी खाली चार दगड, मग एक थर उभा, एक आडवा. वर पत्र्याचा एक तुकडा. बाजू मोकळ्या.

आई दारातून बघत होती. बोलत नव्हती, म्हणजे चुकत नव्हतं.

शेवटचं लाकूड ठेवलं. पाठ सरळ करायला वेळ लागला. थप्पी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत मी कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला.

“वारा येतोय?” आईने विचारलं.

“येतोय.”